अंगणाखालची मुळे : झाडही राखावे, फरसबंदीही टिकवावी

कुंभकोणम, तमिळनाडू – घरासमोरच्या अंगणातील फरशी एका कडेने वर उचलली जाणे, मोटार उभी करण्याच्या जागेतील काँक्रीटला लांबच लांब तडा जाणे किंवा कुंपणाची भिंत एका बाजूला कलणे, ही दृश्ये आज देशातील बहुतेक शहरांत आढळतात. दोष बहुधा जवळच्या झाडाला दिला जातो आणि अखेर त्या झाडावर कुऱ्हाड चालते. मात्र मुळे जमिनीत कशी वाढतात हे समजून घेतले, तर बहुतांश ठिकाणी झाड आणि फरसबंदी या दोहोंचे रक्षण करणे शक्य असते. मंदिरांचे शहर म्हणून प्रसिद्ध असलेले कुंभकोणम या विषयाच्या अभ्यासासाठी विशेष उपयुक्त आहे. मुळे आणि बांधकाम यांचा संघर्ष येथे शेकडो वर्षांपासून सुरू असून, त्यावरील जुने आणि नवे असे दोन्ही प्रकारचे उपाय येथे पाहावयास मिळतात.

पाणी, माती आणि दगड

कुंभकोणम हे तंजावर जिल्ह्यातील शहर तंजावरपासून सुमारे ४० किलोमीटर अंतरावर, कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या दरम्यान वसलेले आहे. २०२१ मध्ये या शहराला महानगरपालिकेचा दर्जा मिळाला. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील ही जमीन गाळाची असून तिच्यात चिकणमातीचे प्रमाण मोठे आहे. वर्षातील बराचसा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात, ईशान्य मोसमी वाऱ्यांमुळे पडतो. मेट्टूर धरणातून प्रथेप्रमाणे १२ जूनच्या सुमारास शेतीसाठी पाणी सोडले जाते. म्हणजेच उन्हाळ्यात जमीन कोरडी पडते आणि वर्षाच्या उत्तरार्धात ती पुन्हा ओलाव्याने भरते. वृक्षवाढीसाठी ही परिस्थिती उत्तम. मात्र पक्क्या बांधकामासाठी ती परीक्षा पाहणारी ठरते.

मराठी वाचकांना हा प्रदेश परका नाही. व्यंकोजीराजे भोसले यांनी सतराव्या शतकाच्या अखेरच्या चरणात तंजावर येथे राज्य स्थापन केले आणि १८५५ पर्यंत भोसले घराण्याचे नाव या भूमीशी जोडलेले राहिले. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या संस्थानांचे दिवाण म्हणून कीर्ती मिळविलेले सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ मध्ये कुंभकोणम येथील मराठीभाषक कुटुंबात झाला. आजही या परिसरात तंजावरी मराठी बोलणारी घराणी आहेत.

येथील जुन्या घरांची रचना एका ठरावीक पद्धतीची असते. रस्त्याला लागून ओटा, ज्याला तमिळमध्ये ‘तिण्णै’ म्हणतात. आत मोकळा चौक आणि मागे विहीर व परस. गणितज्ञ श्रीनिवास रामानुजन यांचे बालपण सारंगपाणी सन्निधी मार्गावरील अशाच एका घरात गेले. आता हे घर शास्त्र विद्यापीठाने स्मारक म्हणून जतन केले आहे. अशा घरांसमोरची जागा पूर्वी चोपून घट्ट केलेल्या मातीची असे. रोज पहाटे तीवर सडा टाकून तांदळाच्या पिठाची रांगोळी, म्हणजे ‘कोलम’, काढली जाई. मातीचे अंगण मुळांच्या हालचालींनुसार थोडेफार वरखाली झाले, तरी पुन्हा सारवून व चोपून पूर्ववत करता येत असे. महाराष्ट्रातील अंगणाचीही हीच स्थिती होती. गेल्या काही दशकांत मातीची जागा काँक्रीट, कोटा फरशी आणि सिमेंटच्या ठोकळ्यांनी घेतली, दारात मोटार आली आणि त्याबरोबर मुळांचा प्रश्न उभा राहिला.

मुळे फरशीखालीच का जातात?

झाडाची मुळे त्याच्या उंचीइतकीच खोल जातात, असा सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाही. बहुतेक वृक्षांची मुळे जमिनीच्या वरच्या अर्ध्या ते एक मीटर थरात पसरलेली असतात, कारण मुळांना पाण्याइतकीच प्राणवायूची गरज असते आणि खोल, घट्ट मातीत तो मिळत नाही. मुळांचा पसारा मात्र फांद्यांच्या घेराच्या बराच बाहेर, अनेकदा त्याच्या दुप्पट किंवा तिप्पट अंतरापर्यंत जातो. त्यामुळे शेजाऱ्याच्या आवारातील झाडाची मुळे आपल्या अंगणात आढळल्यास त्यात नवल नाही.

फरशीखालची जागा मुळांना दोन कारणांनी मानवते. उन्हात तापलेली फरशी रात्री थंड होते, तेव्हा तिच्या खालच्या बाजूस बाष्प गोठून ओलावा साचतो. वर आच्छादन असल्याने तो लवकर उडूनही जात नाही. दुसरे म्हणजे, फरशी आणि खालची चोपलेली माती यांच्यामध्ये बारीक फट असते किंवा वाळूचा सैल थर असतो. तेथे हवा खेळती राहते. पाणी आणि हवा एकत्र मिळाली की कोवळे मूळ त्या दिशेने वाढत जाते. मूळ फरशी शोधत येत नाही, तर वाटेत आलेल्या अनुकूल जागेत ते वाढते.

आरंभी हे मूळ सुतळीएवढे बारीक असते आणि त्याचा कोणताही उपद्रव नसतो. खोडाप्रमाणेच मूळही दरवर्षी जाड होत जाते आणि त्यातून खरे नुकसान होते. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म फेफर यांनी वाढणाऱ्या मुळांच्या दाबाविषयीचे आपले प्रयोग १८९३ मध्ये प्रसिद्ध केले. मुळाच्या टोकाचा दाब वातावरणाच्या दाबाच्या अनेक पट असू शकतो, हे त्या आणि नंतरच्या प्रयोगांतून दिसून आले. मूळ आडवे जाड होताना पडणारा दाबही काही वातावरणांइतका असतो. याची तुलना फरशीच्या वजनाशी करून पाहावी. दहा सेंटिमीटर जाडीच्या काँक्रीटच्या थराचे वजन दर चौरस मीटरला सुमारे २४० किलो भरते. केवळ एका वातावरणाचा दाब दर चौरस मीटरला सुमारे १०,००० किलो इतका असतो. म्हणजे मुळाच्या दृष्टीने काँक्रीटचे वजन नगण्य आहे. त्यामुळे फरशी अधिक जड करणे हा या प्रश्नावरील उपाय होऊ शकत नाही.

प्रत्येक तड्यास मूळच कारणीभूत असते, असे मात्र नाही. अमेरिकेतील सिनसिनाटी शहराच्या पदपथांविषयी २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, फरसबंदी खराब होण्यात तिचे वय आणि खालच्या मातीचा प्रकार यांचा वाटा मोठा असल्याचे आढळले. अनेक ठिकाणी तडा आधी जातो आणि त्यातून हवा व पाणी मिळू लागल्यावर मुळे तेथे पोहोचतात. सांडपाण्याच्या नळांबाबतही हेच घडते. धडधाकट नळ मुळे फोडत नाहीत. गळणाऱ्या सांध्यातून झिरपणाऱ्या पाण्याच्या मागाने ती आत शिरतात. अशा वेळी झाड तोडण्यापेक्षा सांधा दुरुस्त करणे अधिक महत्त्वाचे ठरते.

चिकणमातीचा वेगळा धोका

कावेरीच्या खोऱ्यातील चिकणमाती आणि दख्खनच्या पठारावरील काळी माती यांत एक साम्य आहे. ओली झाली की ती फुगते आणि वाळली की आकसते. मोठे झाड उन्हाळ्यात आपल्या भोवतालच्या मातीतील ओलावा मोठ्या प्रमाणावर शोषून घेते. परिणामी झाडाजवळची माती दूरच्या मातीपेक्षा अधिक आकसते आणि तीवरील फरशी किंवा भिंत त्या बाजूला खचते. येथे मुळाने काहीच उचललेले नसते. उलट आधारच खाली गेलेला असतो. ब्रिटनमध्ये १९७६ च्या मोठ्या अवर्षणानंतर चिकणमातीवरील असंख्य घरांना असे तडे गेले आणि झाडांपासून घरांचे अंतर हा तेथील विमा व बांधकाम नियमांचा विषय बनला.

या दोन प्रकारांतील फरक ओळखणे अवघड नाही. फरशी मध्येच कमानीसारखी वर आली असेल आणि तिची रेषा झाडाकडे जात असेल, तर मूळ जाड झाल्याचा संभव अधिक. फरशी झाडाच्या बाजूला खाली कलली असेल आणि तडा उन्हाळ्यात रुंदावून पावसाळ्यात मिटत असेल, तर कारण मातीच्या आकसण्यात शोधावे. दुसऱ्या प्रकारात मोठे झाड एकाएकी तोडल्यास उलट परिणामही संभवतो. पाणी शोषणारे झाड नाहीसे झाल्याने माती पुन्हा फुगते आणि बांधकाम वर ढकलले जाते.

गोपुरावरचा पिंपळ

मुळांचे सामर्थ्य पाहायचे असेल तर कुंभकोणमच्या गोपुरांकडे पाहावे. येथील सारंगपाणी मंदिराचे गोपुर अकरा मजली आहे. दक्षिणेतील बहुतेक मोठ्या गोपुरांचा खालचा भाग कातळाचा, तर वरचे मजले वीट आणि चुन्याचे असून त्यांवर चुन्यात घडविलेल्या मूर्ती असतात. वीट आणि चुना ओलावा धरून ठेवतात. वड, पिंपळ आणि उंबर यांची फळे खाणारे पक्षी या मजल्यांवर बसतात, त्यांच्या विष्ठेतून बी सांध्यांत पडते आणि पहिल्या पावसात ते रुजते. या कुळातील वृक्षांना रुजण्यासाठी जमिनीची आवश्यकता नसते. त्यांची मुळे भिंतीच्या सांध्यांतून खाली उतरत जातात आणि पाचरीप्रमाणे दगड व विटा विलग करतात.

कुंभकोणमलगत दारासुरम येथे चोळ राजा दुसरा राजराज याने बाराव्या शतकात बांधलेले ऐरावतेश्वर मंदिर आहे. २००४ मध्ये त्याचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतील चोळ मंदिरांच्या समूहात करण्यात आला. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या देखरेखीखालील अशा स्मारकांत रोपे लहान असतानाच काढून टाकण्याला प्राधान्य दिले जाते. बोटभर उंचीचे रोप हाताने मुळासकट निघते. मनगटाएवढे झालेले झाड ओढून काढल्यास त्याच्याबरोबर दगडही निखळतो, कारण तोपर्यंत मूळ हेच त्या भागाचा आधार बनलेले असते. अशा वेळी खोड कापून, बुंधा मारून, तो पूर्ण वाळल्यावर मुळे टप्प्याटप्प्याने काढली जातात आणि राहिलेल्या पोकळ्या चुन्याच्या मिश्रणाने भरल्या जातात. गरज पडल्यास दगडांना क्रमांक देऊन ते उतरविले जातात आणि पुन्हा त्याच जागी बसविले जातात.

मंदिरांची जुनी परंपराही या दृष्टीने लक्षणीय आहे. आगमांच्या प्रथेनुसार साधारणतः दर बारा वर्षांनी मंदिराचा कुंभाभिषेक केला जातो. त्यापूर्वी गोपुरांची पाहणी, रोपांची सफाई, निखळलेल्या चुन्याची दुरुस्ती आणि रंगकाम होते. या धार्मिक विधीमुळे देखभालीचे वेळापत्रक आपोआप पाळले जाते. दुरुस्तीसाठी जुन्या पद्धतीने गूळ आणि हिरडा यांचे पाणी घालून मळलेला चुना वापरला जाई. चुन्याच्या जुन्या बांधकामावर सिमेंटचा गिलावा दिल्यास तो भिंतीच्या मंद हालचालींबरोबर हलत नाही, त्याला भेगा पडतात आणि त्या भेगांत पिंपळाला नवी जागा मिळते.

हा अनुभव भारतापुरता मर्यादित नाही. कंबोडियातील ता प्रोम या बाराव्या शतकातील मंदिरावर प्रचंड वृक्षांनी आपली मुळे पसरली आहेत. तेथील जतनकार्यात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण सहभागी आहे. झाडे हीच त्या स्थळाची ओळख बनल्याने, ती न तोडता भिंतींना आधार देण्याचा मार्ग तेथे स्वीकारावा लागला. जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी अकरा महाराष्ट्रात, तर जिंजी तमिळनाडूत आहे. तटबंदीत उगवणारी झाडे हा दुर्गजतनातील नेहमीचाच प्रश्न आहे. घरमालकाने यातून एक गोष्ट घ्यावी. गच्चीच्या कठड्यावर, पाण्याच्या टाकीजवळ किंवा नळाच्या सांध्यात दिसणारे पिंपळाचे दोन पानांचे रोप त्याच आठवड्यात काढावे आणि शक्य असल्यास मोकळ्या जागी लावावे. पिंपळ तोडण्याविषयी मनात संकोच असणाऱ्यांसाठीही हा मार्ग सोयीचा आहे.

कोणते झाड, किती अंतरावर?

नुकसान टाळण्याचा सर्वांत स्वस्त उपाय झाड लावण्याच्या दिवशीच योजावयाचा असतो. वड, पिंपळ, उंबर, गुलमोहर, पर्जन्यवृक्ष आणि काटेसावर हे वृक्ष मोकळ्या मैदानात शोभतात; घराच्या फरसबंदीजवळ ते लावू नयेत. पूर्ण वाढ झाल्यावर ज्यांची उंची पंधरा मीटरहून अधिक होते, अशा वृक्षांसाठी फरसबंदीपासून किमान सहा मीटर अंतर ठेवावे. वडाच्या कुळातील वृक्षांसाठी हे अंतरही अपुरे आहे. मध्यम वृक्षांसाठी तीन ते साडेचार मीटर आणि लहान झाडांसाठी सुमारे दोन मीटर अंतर सर्वसाधारणपणे पुरेसे मानले जाते. कडुनिंब उपयुक्त वृक्ष असला तरी त्याची गणना मोठ्या वृक्षांतच करावी.

लहान अंगणासाठी पारिजातक, जास्वंद, तगर, कढीलिंब आणि लिंबू ही झाडे सुरक्षित मानता येतील. कुंभकोणमच्या परसात सर्वत्र आढळणारा नारळ याबाबतीत वेगळा आहे. नारळ आणि सुपारी ही ताडाच्या कुळातील झाडे असून त्यांची मुळे इतर वृक्षांप्रमाणे वर्षागणिक जाड होत नाहीत. बुंध्यातून निघणारी हजारो मुळे बोटाएवढ्या जाडीचीच राहतात. त्यामुळे नारळ फरशी उचलत नाही. मोटार त्याच्याखाली उभी करावी की नाही, हा प्रश्न मात्र वेगळ्या कारणासाठी विचारात घ्यावा लागतो.

झाडाला पाणी देण्याची पद्धतही महत्त्वाची आहे. रोज थोडे थोडे पाणी शिंपडल्यास केवळ वरचा थर ओला राहतो आणि मुळेही वरच राहतात. रोप स्थिरावल्यानंतर काही दिवसांच्या अंतराने भरपूर पाणी दिल्यास ओलावा खोल जातो. खड्डा अरुंद व खोल असण्यापेक्षा भोवतालची माती रुंद घेरात भुसभुशीत करणे अधिक हितकारक ठरते. घट्ट मातीतील अरुंद खड्ड्यात मुळे कुंडीतल्याप्रमाणे गोल फिरतात आणि नंतर पृष्ठभागाकडे येतात.

मुळांना अडविणारा पडदा

झाड आणि फरसबंदी यांच्यातील अंतर कमी असेल, तर जमिनीत उभा पडदा बसविता येतो. यासाठी जाड, टिकाऊ प्लॅस्टिकचे पत्रे वापरले जातात. पडद्याची खोली साधारणतः ६० ते ९० सेंटिमीटर ठेवावी. वरची कड जमिनीच्या पातळीपेक्षा दोन ते तीन सेंटिमीटर वर असावी. ती मातीखाली गेल्यास मुळे तिच्यावरून पलीकडे जातात. पत्र्यांचे सांधे पक्के जोडलेले असावेत, कारण पत्र्यातील फट मुळांना पुरेशी असते. काही पडद्यांवर उभ्या कडा असतात; त्या मुळांना गोल फिरू न देता खाली वळवितात.

हा पडदा झाडाभोवती गोलाकार बसवू नये. तसे केल्यास मुळे कोंडली जातात, ती एकमेकांना किंवा खोडाला आवळतात आणि मोठे झालेले झाड वाऱ्यात तोल सांभाळू शकत नाही. फरसबंदीच्या कडेने, झाडापासून शक्य तितक्या दूर, सरळ रेषेत पडदा बसवावा म्हणजे इतर तीन दिशा मुळांना मोकळ्या राहतात. नवे झाड लावतानाच हे काम करणे उत्तम. जुन्या झाडाजवळ चर खणल्यास मुळे तुटतात आणि उपाय हाच अपाय ठरतो. पडदा हा कायमचा बंदोबस्तही नव्हे. खालची माती फार घट्ट किंवा सतत पाणथळ असेल, तर मुळे पडद्याखालून जाऊन पलीकडे पुन्हा वर येऊ शकतात. विटांची भिंत या कामी फारशी उपयोगी पडत नाही; सांधे हीच तिची दुबळी बाजू असते.

फरसबंदीखालचा थर

अनेकदा पडद्यापेक्षा फरशीखालच्या थराची रचना अधिक परिणामकारक ठरते. फरशीखाली बारीक वाळूऐवजी दहा ते पंधरा सेंटिमीटर जाडीचा, चुरा नसलेल्या खडीचा थर दिल्यास दगडांमधील मोठ्या पोकळ्यांत ओलावा टिकत नाही. त्यामुळे मुळे त्या थरात न वाढता खालच्या मातीतच राहतात. खडी मातीत रुतू नये यासाठी मध्ये तंतुमय कापड अंथरले जाते.

मोटारीचे वजन पेलणारी आणि तरीही मुळांना वाव देणारी जमीन तयार करण्याची एक पद्धत अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात १९९० च्या दशकात विकसित झाली. तीत सुमारे चार भाग टोकदार खडी आणि एक भाग चिकण पोयटा यांचे मिश्रण केले जाते. वजन खडीवर पडते आणि दगडांमधील पोकळ्यांत असलेल्या मातीत मुळे खोलवर वाढतात. भारतीय शहरांत नवे पदपथ आणि वाहनतळ बांधताना या तत्त्वाचा उपयोग करण्यासारखा आहे.

घरगुती अंगणासाठी सलग काँक्रीटपेक्षा सुटे ठोकळे किंवा दगडी लाद्या सोयीच्या ठरतात. मूळ वर आल्यास तेवढ्याच लाद्या उचलून, खालचा थर सारखा करून त्या पुन्हा बसविता येतात. सांधे सिमेंटने न भरल्यास पावसाचे पाणी जमिनीत मुरते. जेथे काँक्रीट अपरिहार्य आहे, तेथे त्यात सळ्या घालून ठरावीक अंतरावर सांधे सोडावेत. झाडाभोवती किमान एक मीटर जागा मोकळी ठेवावी. गावागावांत वड-पिंपळाभोवती बांधलेला पार याच विचाराचा जुना आविष्कार म्हणता येईल. मात्र आतील माती उघडी आणि पाणी मुरण्याजोगी असेल तरच पार झाडाच्या हिताचा ठरतो. खोडापर्यंत सिमेंटने लिंपलेला पार झाडाचा घात करतो.

नुकसान आधीच झाले असल्यास

फरशी उचलली गेली असेल, तर प्रथम ती काढून खाली काय आहे ते पाहावे. पहार किंवा यंत्राऐवजी हाताने माती दूर करावी. मूळ बोटाएवढे असल्यास धारदार करवतीने स्वच्छ कापता येते. पाच सेंटिमीटरहून जाड मूळ मात्र जाणकाराच्या सल्ल्याशिवाय कापू नये. यंत्राच्या दात्यांनी ओढून तोडलेले मूळ दूरपर्यंत चिरते आणि जखमेतून कुजण्याची क्रिया सुरू होते.

झाडाच्या सुरक्षिततेसाठी किती जागा सोडावी, याचा एक सोपा हिशेब आहे. ब्रिटनमधील बांधकामविषयक मानकानुसार, छातीच्या उंचीवर मोजलेल्या खोडाच्या व्यासाच्या बारापट त्रिज्येचे वर्तुळ संरक्षित मानले जाते. खोडाचा घेर दोरीने मोजल्यास, त्या घेराच्या जवळजवळ चौपट अंतर येते. ९४ सेंटिमीटर घेराच्या, म्हणजे ३० सेंटिमीटर व्यासाच्या झाडासाठी हे अंतर ३.६ मीटर होते. लहान आवारात एवढी जागा मिळत नाही, हे खरे; परंतु खोडाच्या व्यासाच्या तिपटीहून जवळ मुळे तोडल्यास झाड उन्मळून पडण्याचा धोका गंभीर होतो, हे ध्यानात ठेवावे.

मूळ न तोडता करता येण्याजोगे पर्यायही आहेत. फरसबंदीची पातळी थोडी उंच करून मुळावरून उतार देता येतो. मार्गाला वळण देता येते. त्या भागातील फरशी काढून तेथे खडी किंवा हिरवळ ठेवता येते. मुळे मारण्यासाठी मीठ, आम्ल, केरोसीन किंवा मोरचूद ओतण्याचे प्रकार मात्र टाळावेत. ही द्रव्ये मातीत आणि विहिरीच्या पाण्यात उतरतात, शेजारची झाडे मारतात आणि मेलेले मूळ कुजल्यावर फरशीखाली पोकळी निर्माण होते. ग्लायफोसेट या तणनाशकाच्या वापरावर केंद्र सरकारने २०२२ मध्ये निर्बंध घातले होते, हेही येथे नमूद करणे आवश्यक आहे.

खरा धोका वादळात

वर आलेली फरशी दुरुस्त करता येते. मुळे तुटलेल्या झाडाचे तसे नसते. झाडाचा तोल खोडाजवळच्या मोजक्या जाड मुळांवर अवलंबून असतो. ती एका बाजूने तोडली, तरी झाड काही वर्षे हिरवेगार दिसते आणि धोका लक्षात येत नाही. पावसाने माती सैल झाल्यावर जोराचा वारा सुटला की ते नेमके उलट्या बाजूला कोसळते. १६ नोव्हेंबर २०१८ रोजी गज चक्रीवादळ नागपट्टिनमच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात मोठ्या संख्येने झाडे उन्मळून पडली. इतक्या तीव्र वादळात सुदृढ झाडेही टिकत नाहीत. मात्र दुबळ्या मुळांची झाडे साध्या वादळी पावसातही पडतात. मुंबईत दर पावसाळ्यात झाडे कोसळण्याच्या घटना घडतात आणि त्यात जीवितहानीही होते. त्यामुळे पावसाळ्याच्या तोंडावर मुळे तोडण्याचे काम कदापि करू नये. कुंभकोणम परिसरात ऑक्टोबरपूर्वीचे आणि महाराष्ट्रात जूनपूर्वीचे दिवस या दृष्टीने वर्ज्य मानावेत.

काँक्रीटचा वेढाही तितकाच घातक आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २३ एप्रिल २०१३ रोजी दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटर परिसरातील काँक्रीट काढून टाकण्याचा आदेश दिला होता. महाराष्ट्रात नागरी क्षेत्रांतील झाडांसाठी १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा लागू असून, झाड तोडण्याबरोबरच त्याला कोणत्याही प्रकारे इजा पोहोचविणे हेही त्या कायद्याच्या कक्षेत येते. पन्नास वर्षांहून जुन्या वृक्षांना २०२१ च्या दुरुस्तीने वारसा वृक्षांचा दर्जा देण्यात आला. त्यामुळे स्वतःच्या आवारातील झाडाची मोठी मुळे तोडण्यापूर्वीही स्थानिक वृक्ष प्राधिकरणाकडे चौकशी करणे इष्ट ठरते. इतर राज्यांतील नागरिकांनी आपल्या नगरपालिकेकडे किंवा महानगरपालिकेकडे विचारणा करावी.

वर्षातून एकदा पाहणी

कुंभकोणमच्या महामहम् तलावावर दर बारा वर्षांनी भरणारा स्नानोत्सव २००४ आणि २०१६ मध्ये झाला. पुढील उत्सव २०२८ मध्ये आहे. त्या निमित्ताने शहरातील मंदिरे, घाट आणि मंडप यांची डागडुजी होईल आणि सांध्यांत उगवलेली रोपे काढली जातील. घराला मात्र बारा वर्षे थांबण्याची गरज नाही. पावसाळा संपल्यानंतर वर्षातून एकदा अंगणाची फरशी, नळांचे सांधे, कुंपणाची भिंत आणि गच्चीचा कठडा यांची पाहणी करावी, नव्या भेगा भराव्यात, कोवळी रोपे काढावीत आणि झाडाभोवतीची माती मोकळी करावी. हे काम एका सकाळचे आहे. ते नियमितपणे होत राहिले, तर दारातील सावली आणि पायाखालची फरशी यांपैकी एकाची निवड करण्याची वेळ सहसा येत नाही.